पाहुण्यांची बारा ताटं

कांदिवलीला एका लग्नात मेव्हण्याने नव्या सोयऱ्यांशी माझी ओळख करून दिली, "हे आमचे भावोजी. बोरिवलीला गृहपिता असतात." समोरचे गृहस्थ हातातला पेढा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "म्हणजे सासऱ्यांकडेच राहता का? आमचा धाकटाही तसाच आहे. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं नाही. गृहपिता म्हणजे घरजावई नव्हे हे समजावत बसलो असतो तर पंगत उठून गेली असती. आणि त्या पदावर रुजू झालो तेव्हा मला तरी कुठे काय ठाऊक होतं? मी गिरणीतला माणूस. मॅट्रिक पास, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. पुढचं वर्षभर दहिसरपासून सांताक्रूझपर्यंत जो कोणी 'बघतो' म्हणाला त्याच्या दारात जाऊन आलो. मग ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं की बोरिवलीच्या एका निवासी विशेष शाळेत मुलांबरोबर राहणारा माणूस हवा आहे.

"काम काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही हो. मुलांबरोबर राहायचं."

हे 'काही नाही हो' मी आजतागायत करतो आहे.

शाळा म्हणजे बोरिवली पूर्वेला, इमारती संपून जंगलाची हद्द लागते तिथला एक दुमजली बंगला. वर मुली, खाली मुलगे, मागे स्वयंपाकघर. तीस मुलं. मुख्याध्यापिका कर्णिकबाई, विशेष मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. स्वयंपाकाला मालवणच्या काकी, त्याच मुलींच्या खोलीत झोपायच्या. आणि उरलेला सगळा वेळ मी.

बाहेरचे लोक विचारायचे, "मुलांना झालंय काय?" बघायला गेलं तर डोळे, कान, हातपाय, सगळं ठीक. पण पहिल्या पाच-सहा वर्षांतच त्यांच्यावर फार येऊन गेलेलं. आई गेलेली, बाप निघून गेलेला, उपासमार, मार, या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे ढकलाढकल. फळ्याकडे बघायला त्यांच्याजवळ लक्षच शिल्लक नसायचं. सगळं लक्ष दाराकडे. कोण आलं, कोण निघालं, आता आपल्याला कुठे नेणार. साध्या शाळांनी त्यांना ढ ठरवून नावं काढून टाकलेली. मला ते माझ्या धंद्याच्या भाषेत समजलं. मागावर सूत तुटलं की माग थांबवायचा, गाठ मारायची, मग पुढे. तसाच चालवत राहिलात तर हातभर कापड वाया. बाहेरच्या शाळांना माग थांबवायला सवड नव्हती. आम्ही थांबवत होतो.

आता थांबवलेला माग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शांतता आली असेल. ती काढून टाका. पहिल्याच दिवशी बाळ्या नावाच्या मुलाने माझी एक चप्पल विहिरीत टाकली आणि बाजूला उभा राहून वाट बघू लागला. कसली? माझ्या हाताची. मी हात उचलला नाही, कारण मी दुसरी चप्पल शोधत होतो. कर्णिकबाईंनी हे वरच्या खिडकीतून पाहिलं आणि मला फार संयमी समजल्या. तो गैरसमज मी बरेच दिवस जपला.

बाईंनी मग समजावून सांगितलं. या मुलांना आजवर जो जो खांब मिळाला तो तो पडलाय. म्हणून नवा खांब दिसला की ती आधी गदागदा हलवून बघतात. पडायचाच असेल तर लवकर पडू दे, त्याला टेकून झोप लागल्यावर नको. "तुम्हाला हलवतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त पडू नका." सांगायला काय जातंय!

दुसऱ्या आठवड्यात मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग व्हरांड्यातून निघून थेट बाळ्याच्या उशीत शिरताना दिसली. उशी उसवली. आत अकरा पोळ्या, दोन उकडलेले बटाटे आणि एक वाळका बोंबील. मी ओरडलो, "चोर!" बाई म्हणाल्या, "चोरी नाही, साठवण आहे. उद्या सकाळीही जेवण असतं हे त्याच्या पोटाला अजून पटलेलं नाही. आणि पोटाला भाषणाने पटत नसतं." त्यांनी बाळ्याला झाकणाचा डबा दिला. त्यात रोज दोन ताज्या पोळ्या, उशाशी ठेवायला, कधीही खायला. पहिले पंधरा दिवस सकाळी डबा रिकामा. मग अर्धा. दोन महिन्यांनी एके सकाळी पोळ्या जशाच्या तशा निघाल्या, तेव्हा पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या, शिस्तीच्या कर्णिकबाई त्या शिळ्या पोळ्या हातात धरून स्वयंपाकघरात नाचल्या. काकी तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "अगो बाई! ह्यांका झाला तरी काय?"

आमचे आनंद हे असे. एक छोटी मुलगी होती. दारात येईल त्या बाईला पाच मिनिटांत 'आई' म्हणून मिठी मारायची. पाहुण्या बायका रडायच्या. किती हो लळा लावते! बाई म्हणायच्या, हा लळा नव्हे, लळा लागलेलं मूल माणूस निवडतं. एक दिवस पाहुण्या आल्या, त्यांनी हात पसरले, आणि ही पोरगी पळत जाऊन काकींच्या पदरामागे लपली. त्या दिवशी शाळेत शिरा झाला. पाहुण्या बाईंचा चेहरा उतरला होता. शिरा का झाला हे त्यांना सांगणं कठीण होतं.

शाळेत एक रीत होती. मुलाला येऊन महिना झाला की गृहपित्याने त्याला बाजारात भांड्यांच्या दुकानात न्यायचं, स्टीलचं ताट घ्यायचं आणि त्यावर त्याचं नाव घालून आणायचं. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसंच. दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारे कारागीर छिन्नी-हातोडी घेऊन बसलेले असत. ठिपका ठिपका ठोकत ते नाव उमटवायचे. ज्या मुलाला आजवर कोणी धड नावाने हाक मारली नाही, त्याचं नाव स्टीलवर! पुसून न जाणारं. घासलं की उलट जास्त चमकणारं. परतताना पोरं ताट छातीशी धरून चालायची, रस्त्यातल्या कुत्र्यांनासुद्धा दाखवायची. बाई म्हणायच्या की त्यांच्या सगळ्या शिकवण्यापेक्षा ते ताट जास्त काम करतं.

ही रीत मी एका मुलीच्या बाबतीत पाळली नाही. तिचं नाव छबू.

छबू आठ-नऊ वर्षांची होती. आई बांधकामावर मजूर, ती गेली. मग मावशी, मग चुलता, मग एक बालगृह, मग दुसरं. आमचं पाचवं ठिकाण. शाळा चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जमलं तर ठेवायची. नाही जमलं तर लांबच्या एका मोठ्या संस्थेत पाठवायची, जिथे शेकड्यांनी मुलं होती आणि शिकवणारं जवळजवळ कोणी नव्हतं. ठरणार होतं माझ्या अहवालावरून, कारण दिवसभर मुलांबरोबर मी असायचो.

आणि छबूने काय केलं नाही? माझ्या मनगटाला चावली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरून यथासांग आंघोळ केली, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. तोवर चहा त्याच पाण्याचा. दोनदा पळाली. दुसऱ्यांदा सापडली ती दहिसर नदीत, म्हशींबरोबर डुंबताना.

"छबू! वर ये!" मी काठावरून ओरडलो.

"तूच ये की! पानी लई ग्वाड हाय!"

म्हशींवाली पोरं खो खो हसली. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रुबाबात उतरलो, शेवाळावर पाय सटकला, आणि पुढचं मला आठवतं ते असं की छबूने मला दंडाला धरून काठावर आणलं होतं आणि एक म्हैस माझ्याकडे सहानुभूतीने बघत होती. बोरिवलीपर्यंत भेटेल त्याला ही पोरगी सांगत आली, "सर बुडत व्हते. म्या काढलं."

शाळेत पोरांनी तिची मिरवणूक काढली. मी कपडे बदलायला गेलो आणि हसलो नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ही माझ्या देखत बुडाली असती तर? एक नोकरी गेलीच होती, ही गेली तर? कांदिवलीला माझी स्वतःची मुलगी याच वयाची होती, तिला मी आठवड्यातून एकदा भेटायचो, आणि या परक्या पोरीमागे नदीनाले पालथे घालत होतो. त्या दिवशी मनातल्या मनात मी छबूला तीन महिन्यांनंतरच्या गाडीत बसवून टाकलं. एकदा मनाने निरोप दिल्यावर ताटावर नाव कशाला? महिना भरला तेव्हा म्हणालो, दुकान बंद आहे. दुसरा भरत आला तेव्हा म्हणालो, कारागीर गावी गेलेत. आणि तिला शाळा सोडून गेलेल्या एका मुलीचं जुनं ताट दिलं. त्यावर 'वनिता' असं नाव होतं. म्हटलं, हिला कुठे वाचता येतंय.

काकींना ते आवडलं नाही. "सर, ह्या बरा नाय. दुसऱ्याच्या ताटातला पोरीच्या अंगाक लागाचा नाय."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, काकी."

"थोडे दिवस ता तुमका म्हायत. तिका खंय म्हायत?"

मी किल्ल्यांचा जुडगा उचलून निघालो. गृहपित्याला कामं फार असतात.

पुढे छबूनंतर आलेल्या एका मुलाचा महिना भरला. त्याच्या ताटासाठी निघालो तशी छबू मागे लागली. मी तिला नेलं, कारण ठेवून गेलो असतो तर परत येईपर्यंत ती कुठल्या टाकीत असेल याचा भरवसा नव्हता. दुकानात ती कारागिरांच्या पुढ्यात उकिडवी बसली ती हललीच नाही. छिन्नी कशी धरतात, हातोडी कुठवर उचलतात, सगळं पाहिलं. मग विचारलं, "आज्या, माझं नाव कसं असतंय?"

"नाव काय गं तुझं?"

"छबू."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रेशर कुकरांकडे पाहिलं. त्यांनी पत्र्याचा एक तुकडा उचलला आणि टकटक करून त्यावर दोन अक्षरं उमटवली. "घे."

छबूने तो तुकडा सगळ्या बाजूंनी फिरवला, बोट फिरवलं, वास घेतला. "येवढंच?"

"एवढंच."

"पर माझ्या ताटावर तर तीन हाईत." मग माझ्याकडे वळली. "सर, तीन कशापायी? ते कुनाचं नाव हाय?"

मी तिला केळं घेऊन दिलं. मी आयुष्यात बरेचदा भ्यालो आहे, पण त्या केळ्याइतकं भेकड काही केलेलं नाही. तिने ते खाल्लं. सालही खाल्लं. पुन्हा काही विचारलं नाही.

आणि मग नवल झालं. छबू शांत झाली. पळणं नाही, चावणं नाही, टाकी नाही. दुपारच्या विश्रांतीच्या तासाला तर तिचा आवाजही नसायचा. त्याच सुमारास दुपारी कुठूनतरी टक टक टक असा आवाज येऊ लागला. जंगल जवळ, त्यामुळे मी लगेच ओळखलं. सुतारपक्षी! मुलांना गोळा करून माहिती दिली. चोच कशी असते, खोडातल्या अळ्या कशा काढतो. वर्गाच्या भिंतीवर रंगीत चित्र काढून लावलं. एका पाहुण्यांना मुद्दाम थांबवून ऐकवला. पोरं माझी माहिती फार गंभीरपणे ऐकायची, काहीजण तर तोंड दाबून. बाळ्याने एकदा विचारलं, "सर, आज दोन सुतारपक्षी आहेत काय?" मी कान देऊन म्हणालो, "शक्य आहे. जोडीने राहतात."

काकींना तेवढी शंका आली. "सर, पक्षी भिंतीआड खंयचो?"

"प्रतिध्वनी असतो, काकी," मी म्हणालो.

तीन महिने संपत आले. कार्यकारिणीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी छबूचा अहवाल लिहायला बसलो. बाहेर टक टक चालू होतं. मी लिहिलं: 'मुलीस अक्षरओळख नाही. हाताला स्थिरता नाही. एका कामावर पाच मिनिटांहून अधिक टिकत नाही. संस्थेविषयी आपलेपणा दिसत नाही.' चार वाक्यं, चहा निवायच्या आत. तीन महिन्यांत मी एकदाही पाटी घेऊन तिच्याजवळ बसलो नव्हतो. खोटं लिहितोय असंही मला वाटलं नाही, कारण खरं काय ते मी बघितलंच नव्हतं. आमच्या धंद्यात मारणारा माणूस लवकर पकडला जातो. न बघणारा वर्षानुवर्षं टिकतो.

बैठकीचा दिवस. अध्यक्षबाई सत्तरीच्या, पांढरं पातळ, आवाज फौजदाराचा. त्यांची पद्धत अशी की वेळ वाचवायला अहवाल जेवता जेवता ऐकायचे. काकींनी श्रीखंड-पुरी केली होती. कोठीच्या खोलीतल्या ट्रंकेतून पाहुण्यांची ताटं काढली. ही बारा ताटं फक्त बैठकीला निघायची. बाकी वर्षभर त्या ट्रंकेकडे कोणी फिरकत नसे. सगळे पाटांवर बसले, वाढून झालं, पहिला घास गेला, आणि मी उभा राहून वाचायला लागलो.

"मुलीस अक्षरओळख नाही. हाताला स्थिरता नाही..."

"अहो," अध्यक्षबाईंनी मला थांबवलं, "हे छबू काय आहे?"

मला वाटलं, अहवालाविषयी विचारतायत. "छबू ही आठ-नऊ वर्षांची मुलगी असून..."

"ते नव्हे हो. माझ्या श्रीखंडाखाली."

त्यांनी पुरीने ताट पुसून दाखवलं. बरोबर मधोमध, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं: छबू. शेजारच्या सदस्यांनी आपलं श्रीखंड बाजूला सारलं. "अरे, माझ्याकडे पण छबू!" "इथे पण आहे!" "माझं जरा उलटं दिसतंय, पण छबूच." एका सदस्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं होतं. आपल्या ताटात कोण निघतंय या उत्सुकतेने त्यांनी सगळं श्रीखंड तीन घासांत संपवलं आणि आनंदाने जाहीर केलं, "छबू!"

काकी दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "माका वाटला, संस्थेचा नाव घातल्यानी," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात एकदम सुतारपक्षी उडाला. खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळली होती, आणि बाळ्याने तिथून हळूच आवाज काढला, "टक टक टक." बाकीची पोरं फुटलीच. तीसच्या तीस मुलांना ठाऊक होतं. शाळेत एखादं गुपित दहा मिनिटं टिकत नसे, हे त्यांनी महिनाभर सांभाळलं होतं.

कर्णिकबाई मात्र हसत नव्हत्या. त्या उठल्या आणि "माफ करा" म्हणत सदस्यांच्या पुढ्यातून ताटं उचलू लागल्या. कोणाची अर्धी पुरी राहिली होती, ती त्यांनी त्याच्या हातात दिली. सगळी ताटं मोरीवर नेऊन धुतली, पुसली, आणि मधल्या जागेत ओळीने मांडली. मांडताना दोनदा क्रम बदलला. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "आता बघा."

पहिल्या ताटावर कोंबडीने उकरल्यासारखे ओरखडे होते. दुसऱ्यावर छ उलटा, तोंड भलतीकडे. तिसऱ्यावर बू आधी आणि छ मागे. चौथ्यावर खिळा सटकून ताटाला भोकच पडलं होतं. ते ताट उचलून बघणाऱ्या सदस्यांच्या धोतरावर श्रीखंड का गळलं याचा तेव्हा उलगडा झाला. सहाव्यावर अक्षरं क्रमाने आली. नवव्यावर सारखी झाली. बाराव्यावर नाव असं होतं की कोणी सांगितलं असतं बाजारातून घालून आणलंय, तर पटलं असतं. खाली एक फूलही होतं.

पत्र्याचा तुकडा, एक खिळा आणि वरवंटा. दुपारचा एकेक तास, कोठीच्या खोलीत, एकाच जागी, स्थिर हाताने.

"वाचा ना पुढे," बाई मला म्हणाल्या.

मी वाचलं. काय करणार? "एका कामावर पाच मिनिटांहून अधिक टिकत नाही. संस्थेविषयी आपलेपणा दिसत नाही."

अध्यक्षबाई आधी खोकला आल्यासारख्या हलल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग त्या फौजदारी आवाजात अशा हसल्या की पाट वाजला. "अहो गृहपिता! पोरीने सगळी संस्था आपल्या नावावर करून घेतली, आणि तुम्ही म्हणता आपलेपणा नाही!"

सगळे हसत होते. मीही हसायला गेलो आणि जमलं नाही. म्हणालो, "हा अहवाल मी न बघता लिहिलाय. मागे घेतो." एवढंच म्हणालो. वनिताच्या ताटाचं, बंद नसलेल्या दुकानाचं, केळ्याचं सांगायचं धैर्य झालं नाही. ते आज इथे सांगतो आहे. कर्णिकबाईंना ते कळलं असावं. त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं.

छबूला ठेवायचं ठरलं. तिच्याकडून खिळा काढून घ्यावा आणि पाटी द्यावी, अशी नोंद झाली. पाहुण्यांना यापुढेही याच ताटांत वाढावं, हीसुद्धा नोंद झाली. भोकाचं ताट वगळून.

छबू बंगल्यात कुठे नव्हती. ती फाटकाजवळ बसलेली सापडली. फ्रॉक, कंगवा आणि तो पत्र्याचा तुकडा, असं गाठोडं मांडीवर. तिचा हिशोब सरळ होता. याआधी चार ठिकाणी असंच झालं होतं. काहीतरी उघडकीला आलं की गाडी यायची.

"कुठल्या गाडीनं जायाचं?" तिने विचारलं.

"कुठल्याच नाही. इथेच राहायचं."

तिने गाठोडं आणखी घट्ट धरलं. "किती दिस?"

आमच्या कामाचा एक मोठा नियम आहे. पाळता येणार नाही ते मुलाला कबूल करायचं नाही. कायमचं म्हणायचं नाही, नेहमी म्हणायचं नाही. मी विचार केला आणि अगदी जपून म्हणालो, "मोठी होईपर्यंत."

त्याच संध्याकाळी तिला दुकानात नेलं. म्हाताऱ्यांनी ताट घेतलं, छिन्नी उचलली. छबू म्हणाली, "आन हिकडं. म्या घालते." त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली आणि आपण ओट्यावरून खाली उतरून बसले.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण आठवड्याभरात काकींची तक्रार आली. छबू दूध पीत नाही. झाडाला घालते, बाळ्याला पाजते, एकदा मांजरीला पाजलं. भाकरीही मोजून अर्धी. शिवाय ती चमत्कारिक चालायला लागली होती, गुडघे वाकवून, बदकासारखी. तिचं बघून आणखी पाच-सहाजण तशीच चालू लागली. अंगणात बदकांचा कळप फिरतोय असं वाटायचं. महिन्याच्या तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी भिंतीवरच्या खुणेला उभं करून उंची मोजली आणि चष्मा पुसला. छबू दोन इंच कमी भरली होती.

"असं होत नसतं," डॉक्टर म्हणाले.

"छबू, गुडघे सरळ कर," मी म्हणालो.

"न्हाई."

"का नाही?"

"काकी म्हनली, दूध पिलं की मोठं व्हत्यात. आन तू म्हनलास, मोठी होस्तवर ऱ्हायाचं."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. मी इतका जपून बोललो होतो, आणि पोरीने न वाढायचं ठरवलं होतं.

मी कर्णिकबाईंकडे गेलो आणि विचारलं, मोठी झाल्यावरही हे घर तुझंच, कधीही ये, असं सांगू का? बाई म्हणाल्या, "हे पाळायचं तर आपल्याला इथेच म्हातारं व्हावं लागेल."

"होऊ," मी म्हणालो. नोकरीला लागल्यापासून न घाबरता बोललेला माझा तो पहिला शब्द असावा.

छबूला अंगणात बसवून सांगितलं. मोठी झालीस की काम करशील, दुसरीकडे राहशील. पण हे घर तुझंच. येशील तेव्हा मी किंवा बाई असू. तिने मला दोनदा परत म्हणायला लावलं. मग उठली, बदकासारखी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "काकी, दूध दे."

एक पेला गेला. "अजून." दुसरा गेला. पोरं गोळा झाली, बाळ्या मोठमोठ्याने मोजू लागला. तिसरा. चौथा. काकी "बस झाला गो, बस झाला" म्हणत होत्या. छबू पांढऱ्या मिशा घेऊन धावत अंगणात आली, माझ्यासमोर उभी राहिली, गुडघे ताठ केले, टाचा उचलल्या, मान उंच केली, आणि सगळं दूध माझ्या पँटवर ओकली.

सगळ्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पायांकडे बघत होतो. ती तोंड पुसत काळजीने म्हणाली, "सर, ह्ये आता मोठं व्हन्यात धरायचं का न्हाई?"

"धरायचं," मी म्हणालो. "सगळं धरायचं."